मृत संवर्ग

रकाना क्रमांक सात :
‘आपण आपल्या कामाबाबत समाधानी आहात काय?
होय / नाही. लागू नसेल ते खोडावे.’

खोडायला आम्ही ब्लेड वापरायचो.
अर्धं पातं, दोन बोटांत आडवं धरून.
शाई तेवढी निघाली पाहिजे, कापड नाही.

पाथरीच्या या उपविभागात मी अनुरेखक.
शासन निर्णयानुसार आमचा संवर्ग मृत आहे.
म्हणजे मी निवृत्त झाले की पद जाईल.
खुर्ची जाईल की नाही माहीत नाही,
तिचं एक चाक आधीच गेलंय.
मृत संवर्गाला दर जुलैत वेतनवाढ मिळते,
हे सांगितलं की घरी सगळे हसतात.

डावा कालवा मी काढलाय.
निळसर कडक कापडावर, काळ्या शाईत,
वळण संपेपर्यंत श्वास न सोडता.
फसलेलं कापड घरी न्यायचं, सोड्यात उकळायचं,
खळ सुटली की आतून मलमल निघायची.
थोरल्याचं टोपडं केलं होतं
एका चुकलेल्या वितरिकेचं.
उन्हात धरलं तर कानापाशी पुसट रेघ दिसायची.

एकतीस वर्षांत तेवीस साहेब झाले.
कुणी बदली मागून गेले, कुणी न मागता.
त्यातले एक, डबीर,
नकाशावर सही करता करता थांबले,
म्हणाले, ‘हा हात कुणाचा?’
बस. पुढच्या महिन्यात तेही गेले.
नंतर दोन वेतन आयोग आले,
त्यातून वरचा मजला चढला, खोटं कशाला बोलू.
पण डोळा लागत नाही त्या रात्री
मी तेच तीन शब्द काढून बघते,
ट्रंकेतला दागिना बघावा तसे.

आता मी पाणीपट्टीची थकबाकी संगणकात भरते.
शेजारी प्रतीक्षा टोम्पे, कंत्राटी,
माझ्या तिप्पट वेगानं,
माझ्या पाचव्या हिश्श्याच्या पगारात,
तोही एजन्सी देईल तेव्हा.
चहाचे पैसे मी देते. ती वहीत मांडून ठेवते.

गेल्या जानेवारीत, रब्बीच्या दुसऱ्या पाळीला,
साखळी एकशे एकोणतीसला भराव खचला.
काळी माती, त्यात खेकड्यांची बिळं.
रात्री अडीचला लोलगे साहेबांचा फोन :
मॅडम, वरच्या अंगाला सांडव्याचं गेट कुठंय हो?
संगणकातल्या नकाशात ते नव्हतंच.
इब्राहीमभाईंनी बॅटरी धरली,
मी माळ्यावरनं गुंडाळी ओढली, झुरळं झटकली.
होतं. नाल्याच्या अलीकडं,
तांदळाच्या कणीएवढं, माझ्याच हातचं.
‘किती बारीक काढलाव बाई,’ इब्राहीमभाई म्हणाले,
‘अन् दिसतंय बगा लख्ख.’
पहाटे गेट उघडलं. पाणी नाल्याला लागलं.
खालचा ऊस वाचला, हरभरा मात्र थोडा गेला.

अहवालात आलं :
प्रणालीच्या साहाय्याने तात्काळ कार्यवाही करण्यात आली.
करण्यात आली.
हे क्रियापद कुणाच्याच हातचं नसतं.

तर, रकाना सात.
प्रतीक्षा वाकून बघते. ‘मॅडम, हा फॉर्म मला पण असतो का?’
नाही गं. कंत्राटी लोकांना विचारत नाहीत.
ती ‘बरं’ म्हणते
आणि पुढचा खातेदार उघडते.

फॉर्मची चौकट छापताना तिरकी गेलीय,
उजव्या अंगाला अर्धा मिलिमीटर उतरलीय.
इतर कुणाला दिसायची नाही.
मी पट्टी ठेवते.
खण चाचपते.
अर्धं पातं अजून आहे.